घोड्याला सवय होते, पण कशाची?

घोडे पाळणाऱ्याने आवाजाची तक्रार कुणाकडेही न्यावी, उत्तर बहुधा ठरलेलं असतं : होईल हो सवय! वरून हेलिकॉप्टर नेणारा असो, शेजारच्या रानात पाखरं हाकलायला बार उडवणारा शेतकरी असो, की आठवड्याच्या सुट्टीत मोटारसायकली पिटाळणारी पोरं असोत, सगळ्यांचं याबाबतीत एकमत असतं. हे उत्तर साफ खोटं असतं तर वाद सोपा झाला असता. पण ते अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत घोडा आणि त्याचा मालक मोजतात.

खरा अर्धा भाग पाहायचा तर मराठी माणसाला लांब जायला नको. आळंदीहून निघालेल्या माउलींच्या पालखीबरोबर अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व चालतात. सदाशिवनगरला किंवा वाखरीला गोल रिंगण लागतं तेव्हा हजारो टाळ एका ठेक्यात वाजत असतात, मृदंग घुमत असतात, ‘माउली, माउली’चा गजर टिपेला पोचलेला असतो. माणसांच्या त्या भिंतींमधून जरीपटक्याच्या स्वाराचा अश्व सुटतो आणि त्याच्यामागे माउलींचा बिनस्वाराचा अश्व. दोघं भरधाव फेरे घेतात, टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते, आणि तशा गर्दीतही अश्व आपली वाट सोडत नाहीत. गोंगाट आणि घोडा एकत्र नांदूच शकत नाहीत, असं म्हणणाऱ्याने एकदा वाखरीला जाऊन उभं राहावं.

दाखले आणखीही आहेत. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर शर्यतीचे घोडे आणि बड्या लोकांची हेलिकॉप्टरं एकाच मैदानाचा वापर करत आली आहेत. इंग्लंडात चेल्टनहॅमच्या मार्च महिन्यातल्या शर्यतींना श्रीमंत शौकीन हेलिकॉप्टरने उतरतात, त्यांच्यासाठी मैदानालगत तात्पुरता तळच उभा राहतो. विंडसरचा राजेशाही अश्वमेळा भरतो तो हीथ्रोच्या विमानमार्गाखाली. वारा पूर्वेकडून असला की उतरणारी विमानं एकामागून एक डोक्यावरून जात राहतात. शिवाय ऑलिंपिकचे आणि मोठ्या शर्यतींचे घोडे स्वतःच मालवाहू विमानांतून देशोदेशी फिरतात. विमानाचा आवाज त्यांनी आतून ऐकलेला असतो!

मग तक्रार कसली?

२४ एप्रिल २०२४ च्या सकाळी लंडनच्या बेल्ग्रेव्हिया भागातून ब्रिटिश राजघराण्याच्या घोडदळाचे सात घोडे आणि सहा जवान रोजच्या रपेटीला निघाले होते. एका बांधकामावरून त्यांच्या अगदी शेजारी काही साहित्य उंचावरून खाली आदळलं. घोडे बुजले, चार जवान खाली पडले आणि पाच घोडे मोकळे सुटून चौखूर उधळले. वाटेत गाड्यांना धडकले, एक टॅक्सी आणि एक बस फुटली, आणि शहराच्या मध्यातून पळत ते थेट पूर्वेला लाइमहाउसपर्यंत पोचले. पांढऱ्या अंगावर रक्ताचे ओघळ घेऊन धावणाऱ्या व्हिडा या घोड्याची छायाचित्रं त्या दिवशी जगभर गेली. दोन घोडे गंभीर जखमी झाले. पण उधळलेल्यांपैकी तीन घोडे दीड-दोन महिन्यांत राजाच्या वाढदिवसाच्या संचलनात पुन्हा उभे होते. बँड वाजत होता, गर्दी होती, आणि ते शांत होते.

हे घोडे कुठल्या खेड्यातले नवखे नव्हते. लंडनच्या रहदारीला खेटून असलेल्या बराकीत ते राहतात. बँड, जयघोष, तोफांची सलामी हे त्यांचं रोजचं काम आहे. तोफेला न बुजणारा घोडा बांधकामाच्या राडारोड्याला बुजला, कारण तोफ त्याच्या ओळखीची होती आणि राडारोडा नव्हता. घोड्याला सवय होते ती आवाजाच्या मोठेपणाची नव्हे, विशिष्ट आवाजाची, विशिष्ट जागी, विशिष्ट वेळी. त्यामुळे ‘आवाज किती मोठा होता’ या प्रश्नाभोवती घोटाळणारी सगळी भांडणं मूळ मुद्द्याला बगल देतात. विचारायला हवं ते हे, की आवाज येणार हे आधी कळलं होतं का.

घोड्याच्या कानाची रचना पाहिली की हे आणखी स्पष्ट होतं. सुमारे ५५ हर्ट्झपासून साडेतेहतीस हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी तो ऐकतो. माणसाची वरची मर्यादा वीस हजारांच्या आसपास. दोन्ही कान तो एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अर्ध्या वर्तुळात फिरवू शकतो. चरताना एक कान पुढे आणि एक मागे, असं त्याचं चालूच असतं. पण इतका तयार कान दिशा ओळखण्यात मात्र कच्चा आहे. माणूस दोन आवाजांच्या दिशांमधला अंशाभराचाही फरक ओळखतो. घोड्याला त्यासाठी सुमारे पंचवीस अंशांचा फरक लागतो. म्हणजे काहीतरी आलंय हे त्याला आपल्या आधी कळतं, पण नेमकं कुठून ते कळत नाही. ती उणीव तो डोळ्यांनी भरून काढतो. डोकं न हलवता त्याला जवळपास चहूबाजूंचं दिसतं. आवाज आला की मान वर, कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, आणि नजरेने शोध सुरू. सापडलं, ओळखीचं निघालं, की तो पुन्हा गवतात तोंड घालतो. न सापडलं तर हजारो पिढ्यांनी शिकवलेला एकच निर्णय उरतो : आधी पळा, मग बघू.

आता या जनावराच्या डोक्यावरून लढाऊ जेट न्या. ब्रिटनमध्ये लष्करी जेट सरावासाठी जमिनीपासून २५० फुटांपर्यंत खाली येऊ शकतं. ठरवून दिलेल्या तीन खास प्रदेशांत तर १०० फुटांपर्यंत. हेलिकॉप्टरं त्याहूनही खाली. २५० फूट म्हणजे सुमारे पंचवीस मजली इमारतीची उंची. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला तर एक किलोमीटर अंतर ते साडेचार सेकंदांत कापतं, आणि त्याच अंतरावरून निघालेला त्याचा आवाज पोचायला सुमारे तीन सेकंद घेतो. म्हणजे आवाज ऐकू येणं आणि विमान डोक्यावर असणं यांत जेमतेम दीड सेकंद उरतो. वेल्सच्या किंवा लेक डिस्ट्रिक्टच्या दऱ्यांमध्ये डोंगराआडून विमान येतं तेव्हा तेवढाही उरत नाही. मान वर करून शोधायला लागणारा वेळच घोड्याला मिळत नाही. हीथ्रोला उतरणारं अजस्र विमान दुरून दिसतं, त्याचा आवाज हळूहळू चढतो, दर दोन मिनिटांनी तेच घडतं. त्याच्याखाली घोडा चरू शकतो. दरीतल्या जेटखाली तो उधळतो.

इथे ब्रिटनच्या धोरणातली एक गंमत लक्षात घ्यावी लागते. १९७९ पासून तिथली लष्करी सखल उड्डाणं साऱ्या देशभर पसरवली गेली. मोठी शहरं आणि विमानतळ वगळता बहुतेक देश त्यासाठी मोकळा आहे. हेतू न्यायाचा होता : एकाच भागाच्या माथी सगळा गोंगाट मारू नये, सर्वांनी थोडा थोडा वाटून घ्यावा. माणसांच्या दृष्टीने ही वाटणी रास्तच म्हणायची. घोड्यांच्या दृष्टीने मात्र याहून वाईट व्यवस्था योजून काढणं कठीण होतं. रोज दहा वेळा आवाज झाला असता तर घोडे त्याला सरावले असते. अजिबात झाला नसता तर प्रश्नच नव्हता. महिन्यातून एखाद्या वेळी, कुठल्याही दिवशी, कुठल्याही दिशेने येणाऱ्या आवाजाला सवय लागायची तरी कशी? गोंगाट पातळ करून सगळीकडे शिंपडताना त्यातला अनपेक्षितपणा मात्र घट्ट झाला.

सवयीबद्दल अभ्यास झाले आहेत. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात गाभण घोड्यांना जेट विमानांचा आवाज वारंवार ऐकवला गेला. सुरुवातीला त्या घाबरून धावपळ करत, हृदयाचे ठोके वाढत, रक्तातलं कॉर्टिसॉल वाढे. पुढे प्रतिक्रिया मंदावत गेली, आणि गर्भ टिकण्याच्या प्रमाणात इतर घोड्यांच्या तुलनेत फरक पडला नाही. विमानवाले हा अभ्यास आवडीने पुढे करतात. करोत बापडे, निष्कर्ष खोटा नाही. फक्त त्यातला ‘वारंवार’ हा शब्द वगळून चालत नाही. शिवाय प्रयोगातल्या घोडीवर कुणी स्वार नव्हता, तिच्यापुढे काटेरी तार नव्हती आणि तारेपलीकडे रस्ता नव्हता. पहिल्या दिवसाची भीती ओसरायला काही दिवस लागतात, हे प्रयोगात चालतं. रानात पहिल्या दिवशीच पाय मोडतो.

२००३ हे साल या विषयात तीन वेगवेगळ्या घटनांनी लक्षात राहावं असं आहे. त्या वर्षी लिंकनशायरमध्ये चिनूक जातीचं लष्करी हेलिकॉप्टर कमी उंचीवरून गेल्यावर एका महिलेचा घोडा बिथरला आणि ती खाली पडून मरण पावली. त्यानंतर संरक्षण खातं आणि ब्रिटिश हॉर्स सोसायटी यांनी घोडेस्वारांना चमकदार, दुरून दिसणारे कपडे घालण्याचा आग्रह धरला, म्हणजे वैमानिकाला स्वार लवकर दिसेल आणि तो वळेल. सल्ला चांगला आहे, पाळावा असाच आहे. मोटारीही त्यामुळे सावध होतात. पण त्यात जबाबदारी कुणाच्या अंगावर गेली ते पाहण्यासारखं आहे. गावच्या पायवाटेवर शांतपणे रपेट करणाऱ्या बाईने आकाशातल्या माणसाला दिसण्याची तजवीज करायची. आणि कुरणात मोकळा चरणारा घोडा? त्याला पिवळं जाकीट घालून ठेवायचं का?

त्याच वर्षी लंडनच्या उच्च न्यायालयात विटरिंगच्या हवाई तळाशेजारच्या वॉलकॉट हॉल या जुन्या हवेलीच्या मालकांचा दावा निकाली निघाला. हॅरियर जेटचे वैमानिक सरावासाठी हवेलीवरून घिरट्या घालत. न्यायालयाने मान्य केलं की हा उपद्रव आहे, आणि तो साधासुधा नाही. पण देशाच्या संरक्षणासाठी सराव हवाच. म्हणून उड्डाणं थांबवायचा हुकूम न देता साडेनऊ लाख पौंडांची भरपाई दिली. सार्वजनिक हितासाठी काहीजणांना त्रास होणार असेल तर त्याची किंमत सार्वजनिक तिजोरीने चुकवावी, एकट्या शेजाऱ्याने नव्हे, हे त्यामागचं तर्कशास्त्र. हॅरियर पुढे २०१० मध्ये निवृत्त झाली. तर्कशास्त्र टिकून आहे, पण ते उपयोगी पडतं हवेलीवाल्याला. तळाच्या शेजारी राहणाऱ्याचा त्रास सलग असतो, मोजता येतो. भाड्याच्या दोन एकर कुरणात घोडी ठेवणाऱ्याला वर्षातून चारदा होणाऱ्या त्रासावर एवढा मोठा दावा कसा परवडणार?

तिसरी घटना सर्वात बोलकी. १९९६ च्या ऑगस्टमध्ये डेव्हन परगण्यात तीन घोडे रात्री कशाला तरी भयंकर घाबरले. कशाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. विजेच्या तारेचं कुंपण आणि त्यापुढचं लाकडी कुंपण तोडून ते दुपदरी महामार्गावर पोचले आणि एका मोटारीवर आदळले. चालक जबर जखमी झाला. कुंपण पुरेसं होतं, मालकांचा हलगर्जीपणा नव्हता, असं खालच्या न्यायालयाने स्पष्ट म्हटलं होतं. तरीही २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी मालकांनाच जबाबदार धरलं. १९७१ च्या प्राणी कायद्याचा अर्थ त्यांनी असा लावला की घाबरलेला घोडा उधळतो हे ज्ञात आहे. ते ठाऊक असून घोडा पाळणाऱ्याने परिणाम भोगावेत. जखमी चालकाच्या बाजूने पाहिलं तर निकाल अन्यायाचा वाटत नाही, त्याला भरपाई कुणीतरी द्यायलाच हवी होती. पण एकूण हिशेब मांडून पाहा. घाबरवणारा सापडत नाही, सापडला तरी ‘सवय होईल’ म्हणून सुटतो. घाबरलेल्याचा धनी मात्र चूक नसतानाही बांधलेला. भीती निर्माण करणाऱ्यावर काहीच नाही आणि भीती सांभाळणाऱ्यावर सगळं, अशी ही वाटणी आहे.

न्यायालयांना हा पेच नवा नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोजवळ एका कोंबडीपालकाच्या घरावरून दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानं उतरू लागली. जागेवरून ८३ फूट, घराच्या छपरावरून अवघे ६७. कोंबड्या घाबरून भिंतींवर आदळून मरू लागल्या, सुमारे दीडशे मेल्या आणि धंदा बसला. १९४६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी एका दमात सांगितल्या : जमिनीचा मालक थेट आकाशापर्यंत मालक असतो हे जुनं तत्त्व विमानयुगात चालणार नाही, पण इतक्या खालून आणि इतक्या वारंवार उडणं म्हणजे सरकारने ती जमीन घेतल्यासारखंच आहे, तेव्हा मोबदला द्या.

त्याच्या दहा वर्षं आधीचा इंग्लंडातला एक खटला तर कादंबरीत शोभावा असा आहे. केंट परगण्यात एकाने चंदेरी कोल्ह्यांचं पालन सुरू केलं आणि रस्त्यालगत पाटी लावली. शेजाऱ्याला आपल्या जमिनीचे प्लॉट पाडून विकायचे होते. कोल्ह्यांची पाटी पाहून गिऱ्हाईक पळेल असं त्याला वाटलं. पाटी काढायला नकार मिळताच त्याने आपल्या मुलाला ऐन वीणीच्या हंगामात हद्दीवर बंदुकीचे बार उडवायला पाठवलं. घाबरलेली कोल्हीण जोडीदाराला जवळ येऊ देत नाही, प्रसंगी पिल्लंही खाते. जमीन माझी, बंदूक माझी, ससे मारतोय, असा बचाव झाला. १९३६ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला : स्वतःच्या जमिनीवर आवाज करण्याचा हक्क असला तरी शेजाऱ्याचं नुकसान करण्याच्याच इराद्याने केलेला आवाज हा उपद्रव. याउलट १९५१ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात मिंक या लोकरी जनावरांच्या पालकाने विमान कंपनीवर दावा केला. विमान वरून गेलं आणि मिंकच्या माद्यांनी पिल्लं मारली, असं त्याचं म्हणणं. तो हरला. खाली असं काही फार्म आहे हे कंपनीला ठाऊकच नव्हतं, मग काळजी घेण्याचं कर्तव्य येणार कुठून?

कोल्ह्यांच्या खटल्यात शेजाऱ्याला सगळं ठाऊक होतं म्हणून तो हरला, मिंकच्या खटल्यात कंपनीला काहीच ठाऊक नव्हतं म्हणून ती जिंकली. निकालांतला फरक डेसिबलचा नाही, माहितीचा आहे. म्हणजे कायद्यालाही आडूनआडून तीच गोष्ट सुचत आली आहे जी घोड्याला लागते : एकमेकांना आधी कळवणं.

डेसिबलच्या मोजपट्टीत तर घोड्याची भीती दिसतच नाही. भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा, म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा, ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ती सरासरीची मर्यादा आहे. आता समजा, दिवसभर गाव चिडीचूप आहे आणि एकच विमान ९५ डेसिबलचा आवाज करत तीन सेकंदांत निघून गेलं. सोळा तासांची सरासरी काढली तर ती ५२ च्या आसपास भरते. नियम पाळला गेला, यंत्राने पावती दिली, आणि घोडा तिकडे कुंपणात अडकलेला! त्यातही ही मोजणी माणसाच्या कानाला बेतलेली असते. वीस हजार हर्ट्झच्या पुढे घोडा काय ऐकतो, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

विमानांपेक्षा शेजाऱ्याचा आवाज बरा, असं वाटत असेल त्याने पाखरं हाकलायची गॅसतोफ पाहावी. एका नळकांड्यात प्रोपेन साठतो, ठिणगी पडते आणि बंदुकीसारखा बार निघतो. साधी यंत्रं ठरावीक वेळाने वाजत. पाखरं दोन दिवसांत ओळखून निर्धास्त पीक खाऊ लागली. म्हणून सुधारित तोफांत बारांमधलं अंतर मुद्दाम अनियमित ठेवतात, आणि काहींत प्रत्येक बारासरशी नळकांडं गर्रकन फिरून पुढचा आवाज दुसऱ्या दिशेने जातो. सवय लागू नये, हाच तिचा हेतू. साळुंकीला सरावू न देणाऱ्या यंत्राला घोडा सरावेल, अशी अपेक्षा शेजाऱ्याने कोणत्या तोंडाने करायची? आपल्याकडे माकडं आणि रानडुकरं हाकलायला पीव्हीसी नळीच्या कार्बाइड बंदुका शिवारात फिरू लागल्या आहेत, त्यांचंही तेच. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावरून हाळ्या देणारा, गोफण फिरवणारा माणूस निदान डोळ्यांना दिसत तरी होता.

आणि वरात? नवऱ्यामुलाच्या वजनाखाली, झुलीच्या आणि झगमगाटाच्या ओझ्याखाली उभी असलेली घोडी, पुढे ट्रकभर स्पीकर, मागे जनरेटर, आणि पायाशी फटाक्यांची माळ. ती हलत नाही, म्हणून लोक म्हणतात, बघा, कशी सरावली आहे. घोड्यांशी रोज व्यवहार असणारा मोतद्दार मात्र तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग पाहतो, शेपूट आवळून धरलेली पाहतो, मानेवरचा घाम आणि पातळ झालेली लीद पाहतो. निश्चल जनावर शांत असतंच असं नाही. पळायची सोय नाही हे कळल्यावर ते नुसतं थांबतं. त्यातून एखाद्या वेळी माळ अगदी पोटाखाली फुटते, आणि मग लगाम धरणाऱ्या पोराच्या हातात काही उरत नाही. रिंगणातला अश्व आणि वरातीतली घोडी, दोघंही गोंगाटात. पण अश्व अंकलीहून पायी चालत येतो, वाढत्या गर्दीची आणि टाळांची त्याला दिवसेंदिवस ओळख होत जाते, त्याच्यापुढे मोकळी वाट असते. घोडीला संध्याकाळी टेम्पोतून उतरवून थेट स्पीकरपुढे उभं करतात.

घोडेवाल्यांचीही बाजू धुतल्या तांदळाची नाही. तबेल्याच्या शेजाऱ्यांना विचारलं तर लिदीचे ढीग, माश्या, पहाटे फिरणारे ट्रक आणि अश्वस्पर्धेच्या दिवशी कर्ण्यावरून अखंड चालणारं समालोचन यांची यादी तयार असते. काही मालक विमानतळाशेजारी स्वस्त कुरण मिळालं म्हणून घेतात आणि दुसऱ्या दिवसापासून विमानतळ हलवायची मागणी करतात. ‘उपद्रवाशेजारी तुम्हीच आपण होऊन आलात’ हा बचाव इंग्लंडात चालत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पुन्हा सांगितलं खरं. पण न्यायालयात चालणारं सगळं शेजारधर्मात चालतंच असं नाही.

मालकाने करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते त्यानेच करायचं आहे. न्यूझीलंडमध्ये ४,७६५ घोड्यांविषयी त्यांच्या मालकांनी भरलेल्या एका पाहणीत जवळपास ७९ टक्के घोडे फटाक्यांनी अस्वस्थ किंवा अतिअस्वस्थ होतात असं आढळलं. ३५ टक्के मालकांचे घोडे कुंपण तोडून गेले होते, २६ टक्क्यांनी दुखापती सांगितल्या. सर्वाधिक दिसलेली प्रतिक्रिया म्हणजे धावणं. तेव्हा काटेरी तार काढा, कोपरे गोल करा, कुरणाचं फाटक रस्त्याकडे न उघडता आत उघडेल असं बसवा, घोडा एकटा ठेवू नका. तरुण घोड्याला आवाजाची ओळख हळूहळू, लांबून, खाणं पुढे ठेवून करून द्या. अनुभवी, थंड डोक्याची एखादी म्हातारी घोडी कळपात असली तर बाकीचे तिच्याकडे बघून ठरवतात, हे कुठलाही जुना पागेवाला सांगेल. पण यातली बरीचशी कामं त्या एका दिवशी करायची असतात : घोडे दूरच्या कुरणात न्यायचे, आत बांधायचे, त्या दुपारी रपेटीला जायचं नाही. त्यासाठी तो दिवस कोणता, हे कळायला हवं.

म्हणून घोडेवाल्यांनी शांततेची मागणी सोडून सूचनेची मागणी धरावी. शांतता मागितली की समोर देशाचं संरक्षण, शेतकऱ्याचं पीक आणि लोकांचा सण उभा राहतो, आणि या तिघांपुढे घोडा हरतो. सूचना मागितली की समोरच्याला नाही म्हणायला कारणच शोधावं लागतं. गॅसतोफ लावणाऱ्याने शेजारच्या तबेल्याला आदल्या दिवशी फोन केला तर पिकाचा एक दाणाही कमी होत नाही. फटाक्यांच्या आतषबाजीची वेळ गावात आधी लावली तर सणाचा रंग उतरत नाही. आपल्याकडे मिरवणुकीला आणि ध्वनिक्षेपकाला पोलिसांची परवानगी काढावीच लागते. घोडी असेल तिथे माळ लावायची नाही, ही अट त्यात घालायला नवा कायदा लागत नाही. जबाबदारीही मग वाटून जाते : कळवूनही मालकाने घोडा मोकळा सोडला तर दोष त्याचा; न कळवता बार उडवला तर उडवणाऱ्याचा.

हवाई दलाची अडचण वेगळी आहे आणि ती खोटी नाही. उड्डाणाचे मार्ग हवामानावर ठरतात, ऐनवेळी बदलतात, आणि लढाऊ विमानांच्या हालचाली जाहीर फलकावर लावायच्या नसतात. पण शंभर फुटांपर्यंतच्या सरावाच्या खास प्रदेशांचं वेळापत्रक ब्रिटिश संरक्षण खातं आधीच जाहीर करत आलं आहे, आणि त्याने देशाची सुरक्षा ढासळलेली नाही. तेच उरलेल्या देशात, निदान हेलिकॉप्टरांच्या मोठ्या सरावांपुरतं तरी करता येईल. मार्ग सांगायला नको, विमानांची संख्या नको. अमुक दरी, मंगळवारी, अकरा ते दोन, एवढं पुरतं. हवामान बिघडलं आणि विमानं आलीच नाहीत, तर काही घोडे एक दुपार उगाच तबेल्यात गवत चघळत उभे राहतील, आणि त्यांच्या मालकांची त्याबद्दल कसलीही तक्रार नसेल.